रुळांच्या कडेची खोली



गेल्या महिन्यात मुंबईच्या एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या मुलीला कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे. घरात आनंद आहे, तशी काळजीही आहे, कारण कर्ज काढले आहे. त्या लिहितात, "मुलगी सांगते की तिथे रुळावरची गाडी विद्यापीठाच्या दारातच थांबते. पण गाडीच्या थांब्याजवळ खोली घेतली तर भाडे जास्त, लांब घेतली तर कमी. कुठे घ्यावी? तिचे आजोबा गिरणीत होते. ते म्हणतात, अगं ही तर आपली ट्राम. आपल्याकडची बंद केली, मग तिकडे ती नव्याने कशी सुरू झाली?"

प्रश्न दोन आहेत. एक नातीचा, एक आजोबांचा. आम्ही दोन्ही एकत्रच घेतो, कारण त्यांचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे. आणि हे उत्तर एकट्या त्या ताईंच्या घरापुरते नाही. रूळ कोणत्याही गावात आले की गरीब माणसाचे काय होते, हे त्यातून दिसते.

आधी आजोबांचे. त्यांनी बरोबर ओळखले. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. आज आपण 'दादर टी.टी.' म्हणतो, त्यातले टी.टी. म्हणजे ट्रामचे शेवटचे ठिकाण. ट्राम गेली, नाव राहिले. गिरणीकामगारांना, हमालांना, बाजारहाट करणाऱ्या बायांना परवडणारी ती गाडी होती. पुढे मोटारी वाढल्या, ट्राम रस्ता अडवते असे म्हटले जाऊ लागले आणि ती काढून टाकली.

वॉटर्लूची कथा अगदी अशीच आहे. वॉटर्लू आणि किचनर ही जोडगावे आहेत, टोरांटोपासून सुमारे शंभर किलोमीटरवर. किचनरचे नाव १९१६ पर्यंत बर्लिन होते. या दोन गावांना जोडणाऱ्या किंग स्ट्रीटवर १८९५ पासून विजेची ट्राम धावत होती. १९४६ मध्ये तीही बंद केली. म्हणजे आपल्या आधी अठरा वर्षे त्यांनी ती चूक केली. फरक इतकाच, की ७३ वर्षांनी त्यांनी त्याच किंग स्ट्रीटवर पुन्हा रूळ टाकले आणि २१ जून २०१९ रोजी नवी गाडी सुरू केली. तिचे नाव 'आयन'. अशा गाडीला लाइट रेल म्हणतात. लोकलपेक्षा हलकी, बसपेक्षा मोठी. वर विजेची तार, खाली रस्त्याच्या पातळीवर रूळ. डबा इतका खाली असतो की फलाटावरून पायरी न चढता आत जाता येते. म्हाताऱ्या माणसाला, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, कडेवर मूल घेतलेल्या बाईला हात धरून चढवावे लागत नाही.

आता कोणी विचारील, गावात बस होती ना, मग कोट्यवधी डॉलर खर्चून रूळ कशाला? याचे कारण त्या गावाच्या स्वभावात आहे. हे विद्यापीठाचे गाव आहे. वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये निघाले. शेजारीच विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठ आहे. दोन्ही मिळून पन्नास हजारांवर विद्यार्थी. आता कारखान्याच्या गावात गर्दी कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. भोंगा झाला की सगळे एका दिशेने आत, दुसरा भोंगा झाला की सगळे बाहेर. येताना बस भरलेली, परतताना रिकामी. विद्यार्थ्यांचे तसे नसते. कोणाचा तास सकाळी, कोणाचा दुपारी, कोणी रात्री ग्रंथालयातून सुटतो, कोणी संध्याकाळी दुकानात कामाला जातो. दिवसभर दोन्ही दिशांना माणसे हलत असतात. त्यांच्याकडे मोटार नसते. वॉटर्लू विद्यापीठाची तर पहिल्यापासूनची पद्धत अशी की पुष्कळ विद्यार्थी काही महिने शिकतात आणि काही महिने पगारी नोकरी करतात. असा प्रवासी मिळाला तर गाडी दिवसभर भरलेली राहते. रूळ टाकण्यासारखे गाव कोणते, याची ही पहिली खूण समजावी.

दुसरी गोष्ट पैशाची. तिथे पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या शुल्कातच प्रवासाच्या पासाची रक्कम घेतली जाते. त्या पासावर बस आणि आयन दोन्ही चालतात. म्हणजे वाहतूक चालवणाऱ्यांना ठरलेले उत्पन्न मिळते आणि विद्यार्थ्याला रोज तिकिटासाठी खिसा चाचपावा लागत नाही. गरीब घरच्या मुलाला ही मोठी सोय आहे. महिन्याच्या शेवटी हातात पैसे नाहीत म्हणून तास बुडवायची पाळी त्याच्यावर येत नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची. या गावांभोवती सुपीक शेती आहे. उत्तरेला मेनोनाइट पंथाचे शेतकरी आजही घोड्याच्या बग्गीतून बाजाराला येतात. पिण्याचे पाणी मुख्यतः जमिनीखालून येते. गाव असेच चहूकडे पसरत गेले तर शेती जाणार आणि पाणीही बिघडणार. तेव्हा तिथल्या विभागीय परिषदेने ठरवले की बाहेर पसरण्याऐवजी गाव आतल्या आत वाढवायचे. रुळांच्या कडेने उंच घरे, दुकाने, कार्यालये येऊ द्यायची. हा विचार चांगला आहे. पण याच विचाराच्या पोटात नातीच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. ते पुढे येईलच.

परिषदेने एकदम रूळ टाकले नाहीत, हेही सांगण्यासारखे आहे. २००५ मध्ये त्याच मार्गावर आधी मोजक्या थांब्यांची जलद बस सुरू केली. लोक बसतात का ते पाहिले. लोक बसू लागले. मग सभा झाल्या, विरोध झाला, कागद झाले आणि २०११ मध्ये परिषदेने मतदान करून रूळ टाकायचे ठरवले. अंदाजे खर्च ८१ कोटी ८० लाख डॉलर. त्यातले ३० कोटी ऑन्टारियो प्रांताने, २६ कोटी ५० लाख केंद्र सरकारने आणि उरलेले स्थानिक करदात्यांनी द्यायचे होते. २०१४ मध्ये काम सुरू झाले. २०१७ मध्ये गाडी धावणार असे सांगितले होते. पण गाड्यांचे डबे वेळेवर आले नाहीत आणि आणखी दोन वर्षे गेली. किंग स्ट्रीट खणलेली, दुकानासमोर खड्डा, गिऱ्हाईक फिरकेना. छोट्या दुकानदारांचे त्यात फार हाल झाले. विकास म्हणतात तो आधी गरिबाच्या दारात खड्डा होऊन येतो, हे तिकडेही काही वेगळे नाही.

आज मार्ग १९ किलोमीटरचा आहे. उत्तरेला वॉटर्लूतील कॉनेस्टोगा मॉलपासून दक्षिणेला किचनरच्या फेअरवेपर्यंत १९ थांबे. एका गाडीत बसून-उभे मिळून सुमारे दोनशे माणसे जातात आणि चालक एकच. काही ठिकाणी रूळ रस्त्यातल्या स्वतंत्र पट्ट्यातून जातात, काही ठिकाणी जुन्या मालगाडीच्या मार्गावरून. त्या मार्गावर रात्री माणसांची गाडी थांबली की मालगाडी चालते. एकाच रुळाला दोन पाळ्यांत काम दिले आहे. ही काटकसर आम्हाला आवडली.

आता दुसरी बाजू.

बस आज या रस्त्याने गेली, उद्या त्या रस्त्याने जाऊ शकते. रूळ मात्र हलत नाहीत. म्हणून घरे बांधणारा धनिक रुळांवर विश्वास ठेवतो. इथे पन्नास वर्षे गाडी थांबणार, असे त्याला कळले की तो जमीन घेतो, जुने घर पाडतो, उंच इमारत उभी करतो. आयनच्या कडेने अब्जावधी डॉलरची बांधकामे झाली. किचनर हे एके काळी कामगारांचे गाव. चामडे कमावण्याचे, रबराचे, फर्निचरचे कारखाने. लँग यांच्या चामड्याच्या जुन्या कारखान्यात आता संगणकाच्या नव्या कंपन्या बसल्या आहेत. एका जुन्या रबर कारखान्याच्या इमारतीत २०१६ मध्ये गुगलचे कार्यालय आले. मोटारींचे सांगाडे बनवणारा मोठा कारखाना बंद पडला. मांसप्रक्रियेचा कारखाना २०१५ मध्ये बंद झाला, पाडला गेला आणि त्या जागेवर घरबांधणीचा मोठा प्रकल्प आला. ती जागा आयनच्या मार्गापासून दूर नाही. परळ-लालबागला गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर चढताना ज्यांनी पाहिले, त्या आजोबांना हे जास्त समजावून सांगायला नको.

मग तिथला जुना भाडेकरू कुठे जातो? याचे एक उत्तर किचनरच्या मध्यवर्ती थांब्याजवळ उघड्यावर दिसले. व्हिक्टोरिया स्ट्रीटवर परिषदेच्या मालकीची एक मोकळी जागा आहे. रेल्वे, बस आणि आयन एकत्र आणणारे मोठे केंद्र त्या परिसरात व्हायचे आहे. त्या जागेत बेघर माणसांनी तंबू टाकले. परिषद त्यांना उठवण्यासाठी न्यायालयात गेली. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की निवाऱ्याची पुरेशी सोय नसताना या माणसांना तिथून हुसकावता येणार नाही. भाडी केवळ रुळांमुळे वाढली असे आम्ही म्हणत नाही. साऱ्या कॅनडातच घरे महागली आहेत. परंतु चकचकीत गाडी जाते त्याच्या बाजूलाच तंबू उभे राहतात, तेव्हा योजनेत काहीतरी मोजायचे राहून गेले, एवढे तर म्हणावेच लागेल.

आणखी एक गाव आहे, केंब्रिज. तेही त्याच परिषदेत येते, पण रूळ तिथे पोहोचले नाहीत. फेअरवेला उतरून बस धरावी लागते. आम्ही कर का द्यायचा, असे तिथले लोक तेव्हापासून विचारत आले आहेत. दुसऱ्या टप्प्यात रूळ केंब्रिजला न्यायचे असे ठरले, पण २०२३ मध्ये त्याचा अंदाज ४५० कोटी डॉलरवर गेला. पहिल्या टप्प्याच्या पाचपटीहून जास्त! पहिल्या पंगतीला बसलेले जेवून उठतात आणि दुसऱ्या पंगतीपर्यंत महागाई पातेल्यात हात घालते. म्हणून पहिल्या पंगतीत कोण बसणार, हा प्रश्न नेहमी आधी विचारावा लागतो.

या सगळ्यात आमच्या मनात घर करून राहिली ती एक कुंपणाची गोष्ट. मार्गाच्या दक्षिण टोकाला ट्रेनर-व्हॅनियर नावाची वस्ती आहे. कमी मिळकतीची माणसे, बाहेरच्या देशांतून आलेली कुटुंबे, भाड्याची घरे. वस्तीच्या मागे विजेच्या मोठ्या तारांखालची मोकळी पट्टी होती. तिच्या पलीकडे फेअरवे रोडची दुकाने. वर्षानुवर्षे तिथली माणसे त्या पट्टीतून पायवाटेने बाजाराला जात. नकाशावर ती वाट नव्हती. पायांनी पाडलेली वाट होती. रूळ त्याच पट्टीतून टाकले गेले आणि सुरक्षेसाठी कुंपण घातले. पाच-दहा मिनिटांचे अंतर लांबच लांब वळशाचे झाले. ज्यांच्याकडे मोटार होती त्यांना काही कळलेही नाही. ज्यांच्या हातात पिशव्या होत्या त्यांना कळले.

लोकांनी काय केले? काहींनी कुंपण कापले. ते पुन्हा बांधले गेले, पुन्हा कापले गेले. पण नुसते कापून भागत नाही. वस्तीतले लोक बोलू लागले, परिषदेपुढे जाऊन म्हणणे मांडू लागले, वर्तमानपत्रांत छापून आणू लागले. आमची वाट तुम्ही नेली, ती परत द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. शेवटी परिषदेने मान्य केले आणि गाडी सुरू झाल्यानंतर तिथे पायी ओलांडण्याची रीतसर जागा बांधून दिली. पायवाट नकाशावर आली.

या गोष्टीत आमच्या मते सारे सार आहे. आखणी करणारे काही दुष्ट नव्हते. त्यांनी विद्यापीठे मोजली, कार्यालये मोजली, मॉल मोजले. पायवाट मोजली नाही, कारण त्या वाटेने चालणाऱ्यांपैकी कोणी आखणीच्या टेबलावर नव्हते. टेबलावर माणूस नसेल तर नकाशावर वाट नसते. म्हणून आमच्या मुलामुलींनी नगररचना, वाहतुकीची आखणी, असले विषय शिकावेत असे आम्हाला फार वाटते. वैद्यकी आणि संगणक तर शिकतातच. पण गाव कसे आखायचे हे ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती हजारो घरांचे भाडे आणि हजारो माणसांची पायपीट असते.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. खोली कुठे घ्यावी?

ताई, केवळ गाडी दारात यावी म्हणून जास्त भाडे देऊ नका. विद्यापीठाच्या थांब्याजवळची खोली सगळ्यांनाच हवी असते, म्हणून तीच महाग असते. मुलीला सांगा, एकोणीस थांब्यांची यादी समोर घे. विद्यापीठापासून चार-सहा थांबे दूर भाडे किती ते बघ. रुळांपासून लांब, पण आयनला मिळणाऱ्या बसच्या रस्त्यावर भाडे किती तेही बघ. पास दोन्हीवर चालणार असेल तर बसचे वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र तिच्या अभ्यासक्रमाच्या शुल्कात पास आहे की नाही, हे प्रवेशाच्या कागदांत नीट वाचून घ्यावे. वेळ आणि पैसा दोन्ही मांडून मग ठरवावे. पंधरा मिनिटे जास्त प्रवास आणि दरमहा शंभर-दोनशे डॉलर कमी, असे जमत असेल तर कर्जाच्या घरात ते शहाणपणाचे.

पण दोन ठिकाणी काटकसर करू नये. एक, थांब्यापासून घरापर्यंतची चाल. तिथला हिवाळा म्हणजे बर्फ, आणि संध्याकाळी पाचलाच अंधार. दहा मिनिटांच्या आत, दिवे असलेल्या रस्त्याने घरी पोहोचता आले पाहिजे. दोन, रात्रीची शेवटची गाडी. ग्रंथालयातून किंवा कामावरून सुटायची वेळ आणि शेवटच्या गाडीची वेळ जुळते का ते आधीच पाहावे. नाहीतर वाचवलेले भाडे टॅक्सीत जाते.

तिसरी गोष्ट कायद्याची. ऑन्टारियोमध्ये ३० एप्रिल २०१८ पासून बहुतेक नव्या भाडेकरारांसाठी सरकारी नमुन्याचा छापील करार लागतो. तो मागावा. तिथे घरमालकाला शेवटच्या महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम आगाऊ घेता येते. त्याखेरीज नासधुशीच्या नावाने वेगळी अनामत घेता येत नाही. मात्र खोली घरमालकाच्याच घरात असेल आणि स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर त्याच्याबरोबर वापरायचे असेल, तर या कायद्याचे संरक्षण मिळत नाही. नवखी मुले पुष्कळदा अशाच खोल्या घेतात. स्वस्त मिळाली तर जरूर घ्यावी, पण हे जाणून घ्यावी. आणि खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, किंवा विश्वासातल्या कोणी जाऊन पाहिल्याशिवाय, इथून पैसे पाठवू नयेत.

आजोबांना आमचा एवढा निरोप द्या. तुमची ट्राम वाईट नव्हती. आपण ती घाईने टाकून दिली. तिकडच्यांनीही टाकली होती, पुन्हा आणायला त्यांना ७३ वर्षे आणि ८० कोटींवर डॉलर लागले. चांगली वस्तू मोडायला एक रात्र पुरते, उभी करायला पिढ्या लागतात.

आणि इतर वाचकांनो, उद्या तुमच्या गावात रूळ येणार अशी बातमी आली तर हारतुरे घेऊन उभे राहू नका आणि दगड घेऊनही उभे राहू नका. नकाशा मागा. चार प्रश्न विचारा. गाडी सरकारी दवाखान्याजवळ, शाळा-कॉलेजाजवळ, बाजाराजवळ थांबते का? पास आमच्या पोरांना परवडेल का? थांब्याशेजारच्या नव्या इमारतींत जुन्या भाडेकरूंसाठी घरे राखली आहेत का? आणि आमची रोजची पायवाट कुठे कापली जाते? हे प्रश्न काम सुरू होण्याआधी सभेत उभे राहून विचारायचे. कुंपण झाल्यावर विचारले तर उत्तर मिळते, पण वर्षे जातात.

ती मुलगी एखाद्या जानेवारीत बर्फातून आयनमध्ये चढेल, पास दाखवील, खिडकीशी बसेल. शक्य झाले तर तिने एकदा शेवटच्या थांब्यापर्यंत, फेअरवेपर्यंत जावे. कुंपणाची ती जागा शोधावी, रूळ पायी ओलांडावेत आणि आजोबांना पत्र लिहावे. ते पत्र आम्हालाही वाचायला पाठवा. वाट पाहतो.